शॅम्पेन-अर्बानाचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं

ऑगस्टच्या मध्यावर शॅम्पेन-अर्बानात, म्हणजे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या या जोडगावांत, सामान हलवायला ट्रक मिळणं म्हणजे मे महिन्यात कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळणं. कारण साधं आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या आसपासच्या बहुतेक घरांच्या लीज, म्हणजे भाडेकरार, एकाच आठवड्यात संपतात आणि नव्या लीजही त्याच सुमारास सुरू होतात. पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थी, त्यातले हजारो एकाच वेळी या गल्लीतून त्या गल्लीत निघालेले. इथल्या नव्या वर्षाचा पहिला दिवस तोच. एक जानेवारीला गावात चिटपाखरू नसतं.

जुनी लीज संपते आणि नवी सुरू होते, या दोहोंत बरेचदा दोन-चार दिवसांची फट असते. घरमालकाला तेवढ्यात घर झाडायचं, रंगवायचं, गालिचा धुवायचा असतो. तेवढे दिवस माणूस बेघर आणि त्याचा फ्रायपॅन ट्रकमध्ये. यावर उपाय आहेत, पण ते जुलैत करायचे असतात. नव्या मालकाला दोन दिवस आधी आत येऊ देतोस का, दिवसाचे किती घेशील, असं सरळ विचारावं. नाही म्हणाला तर स्टोरेजची खोली लवकर धरून ठेवावी, ऑगस्टमध्ये तीही मिळत नाही. आणि ज्या मित्राची लीज पुढे चालू आहे त्याच्याशी वर्षभर गोड बोलावं.

याच आठवड्यात फुटपाथवर फुकटचा संसार मांडलेला असतो. टेबलं, दिवे, मायक्रोवेव्ह, गाद्या, सोफे. लोखंडी रॅक आणि साधं लाकडी टेबल खुशाल उचलावं. गादी आणि सोफा मात्र कितीही नवा दिसला तरी नाही. शिवणीत ढेकूण बसलेले असतात, ते अन्नाशिवाय महिनोन्महिने तग धरतात, आणि एकदा घरात शिरले की त्यांना बाहेर काढण्याचा खर्च नव्या सोफ्याहून जास्त होतो. लाकडाच्या वस्तूतही खणांचे सांधे आणि स्क्रूची भोकं टॉर्च मारून बघावीत. काळे ठिपके दिसले की हात जोडून पुढे चालू लागावं.

घर शोधण्याचं वेळापत्रक तर याहून अजब. पुढच्या ऑगस्टसाठीची घरं या सप्टेंबर-ऑक्टोबरातच दाखवायला सुरुवात होते. पुण्या-नागपुरातून नुकताच आलेला मुलगा अजून जेटलॅगमधून उठलेला नसतो, तोवर त्याला वर्षभरानंतरच्या घरावर सही करायला सांगतात, तीही सहा आठवड्यांची ओळख असलेल्या तिघांबरोबर. इथेच घोळ होतो. एकत्रित लीज असेल तर सही करणारा प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. चौघांपैकी एकाने जानेवारीत इंटर्नशिप धरून गाव सोडलं आणि पैसे थांबवले, तर मालक उरलेल्या तिघांकडे वळतो आणि कायदा त्याच्या बाजूचा असतो. खोलीवार वेगळी लीज थोडी महाग पडते, पण दुसऱ्याचं देणं अंगावर येत नाही. माझं मत विचाराल तर वर्गापर्यंत पाच मिनिटांत चालत जाण्याचा हट्ट नसेल त्याने ऑक्टोबरात मुळीच घाबरू नये. मार्चमध्येही घरं असतात, आणि रिकाम्या घराच्या धास्तीने मालक तेव्हा जरा नरमलेला असतो.

डिपॉझिट परत मिळवायचं काम पहिल्याच दिवशी करायचं. ओव्हनच्या आत, फ्रिजच्या मागे, खिडक्यांच्या चौकटी, गालिच्यावरचे डाग, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करायचे. इलिनॉयचा कायदा असा की पाच किंवा जास्त घरांच्या इमारतीत मालकाला दुरुस्तीपोटी पैसे कापायचे असतील तर त्याने ३० दिवसांत खर्चाची यादी पाठवावी. यादी आली नाही तर पूर्ण रक्कम ४५ दिवसांत परत करावी. नवा पत्ता मात्र लेखी द्यायला हवा. अनेकांचा चेक जुन्याच घराच्या पत्रपेटीत जाऊन पडतो आणि दोष मालकाला लागतो.

एक गाव की दोन, हा प्रश्न पाहुणे नेहमी विचारतात. अर्बाना आधीचं. १८५४ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वे आली, पण रूळ पडले अर्बानाच्या पश्चिमेला दोनेक मैलांवर. स्टेशनाभोवती वस्ती झाली, तिला आधी वेस्ट अर्बाना म्हणत, पुढे ती शॅम्पेन झाली आणि थोरलीला मागे टाकून वाढली. २०२० च्या जनगणनेत शॅम्पेनमध्ये सुमारे ८८ हजार माणसं, अर्बानात सुमारे ३८ हजार. १८६७ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं ते या दोहोंच्या मधल्या जागेत. राइट स्ट्रीट ओलांडला की गाव बदलतं. झाडं तीच, बस तीच. पार्किंगचा दंड मात्र कुठल्या नगरपालिकेचा आहे ते पावतीवर नीट वाचावं, कारण भरायचा तिथेच.

आणि या सगळ्याभोवती मका. मका आणि सोयाबीन, क्षितिजापर्यंत. नव्याने आलेला मराठी माणूस जुलैत हे बघतो आणि त्याला लिंबू-तिखट आठवतं. तो फसतो. हा डेंट कॉर्न. पिष्टमय, टणक, जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाणारा. खायचा स्वीट कॉर्न निराळा. तो शेतकऱ्यांच्या टपऱ्यांवर डझनाने मिळतो किंवा अर्बानाच्या लिंकन स्क्वेअरजवळच्या शनिवारच्या बाजारात. सकाळी लवकर जावं, उन्हात पडलेल्या कणसातली साखर भराभर पिष्ट होते. भाजायला मात्र थोडं जून कणीस मागून घ्यावं, कोवळं जाळीवर नुसतं पाणी सोडतं.

माती काळी आहे, विदर्भातल्या माणसाला घरची वाटावी इतकी. पण आपली काळी जमीन बेसॉल्ट झिजून झालेली. इथली हिमनद्यांनी टाकलेला गाळ, वाऱ्याने आणून पसरलेली बारीक माती आणि हजारो वर्षं कुजलेल्या गवताच्या मुळांची. ड्रमर तिचं नाव आणि ती इलिनॉयची अधिकृत राज्यमृदा आहे. मूळची ही दलदल. शेतांखाली साधारण मीटरभर खोल निचऱ्याचे पाइप घातले, पूर्वी भाजक्या मातीचे आणि आता छिद्रांचे प्लास्टिकचे, तेव्हा कुठे पीक उभं राहिलं. विद्यापीठाच्या ऐन मध्यात मॉरो प्लॉट्स नावाचा शेताचा तुकडा आहे, १८७६ पासून प्रयोगासाठी पेरला जाणारा, अमेरिकेतला सर्वांत जुना. १९६० च्या दशकात शेजारी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय बांधायचं ठरलं तेव्हा त्याची सावली मक्यावर पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. इथे कोणाचा मान मोठा ते यावरून ओळखावं.

मक्याचे दोन त्रास कोणी आधी सांगत नाही. एक म्हणजे जुलै-ऑगस्टमधली घामट हवा: कोट्यवधी पानांतून पाणी बाहेर पडतं आणि समुद्रापासून हजार किलोमीटरवर मुंबईसारखं चिकट होतं. दुसरा जास्त धोक्याचा. गावाबाहेरचे रस्ते मैला-मैलावर एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यांना आकडे असतात, १५०० नॉर्थ ते १६०० नॉर्थ म्हणजे बरोबर एक मैल. हिशेब सोपा, चुकायची सोय नाही. पण पीक गाडीहून उंच झालं की चौकात आडवी येणारी गाडी दिसत नाही आणि काही चौकांत थांबण्याची पाटीच नसते. सायकलवाल्यांनी तर थांबून, कान देऊन मगच ओलांडावं.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला गावभर भोंगे वाजतात. ती चाचणी असते. इतर वेळी वाजले तर टॉर्नेडो. फोनवर ‘वॉच’ आलं तर वादळाला पोषक हवा आहे एवढंच समजायचं, ‘वॉर्निंग’ आलं तर ते दिसलंय किंवा रडारवर सापडलंय. मग तळघरात जायचं. नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या बाथरूममध्ये, पायात बूट घालून. ढग बघायला गॅलरीत जायचं नाही. आपले लोक हमखास तेच करतात.

हिवाळ्यात खरा वैरी वारा. अडवायला डोंगर नाही, टेकडी नाही, झाडीही विरळ. उणे १५ अंशांचे वाऱ्यामुळे उणे २८ झाले की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू लागते. बसची वाट बघताना गळपट्टा नाकावर हवा. जुन्या घरांच्या खिडक्यांतून हवा शिरते, त्यावर स्वस्त उपाय म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मचा किट. चौकट आधी पुसून कोरडी करायची, दुहेरी चिकटपट्टी चारी बाजूंनी लावायची, फिल्म ताणून चिकटवायची आणि मग हेअर ड्रायर फिरवायचा. सुरकुत्या जाऊन ती काचेसारखी होते. धूळ राहिली तर आठ दिवसांत एक कोपरा सुटतो आणि रात्रभर फडफडतो. पायऱ्यांवर टाकायचं साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड आणावं.

सर्वांत महागडी चूक डिसेंबरात होते. परीक्षा संपली, भारताचं विमान धरायचं, महिनाभर घर बंद. मग हीटर कशाला, म्हणून तो बंद करून जातात. बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठतो, फुटतो, आणि बर्फ वितळलं की पाणी खालच्या घरात. भरपाई भाडेकरूच्या माथी. थर्मोस्टॅट १३ अंशांच्या, म्हणजे ५५ फॅरनहाइटच्या खाली आणू नये, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवावीत, नळ अगदी बारीक धारेने चालू ठेवावा. भाडेकरूचा विमाही काढावा, महिन्याला त्याचे फार पैसे पडत नाहीत. मुलगा रथींद्रनाथ इथे शेतकी शिकला म्हणून रवींद्रनाथ ठाकूर १९१२-१३ च्या हिवाळ्यात अर्बानात येऊन राहिले होते आणि इथे त्यांनी व्याख्यानंही दिली. त्यांच्या घराचे पाइप शाबूत राहिले असावेत.

बस चांगली आहे, विद्यार्थ्याला ओळखपत्रावर चालते. फक्त आकडे समजून घ्यावेत: दिवसाची ‘२२ इलिनी’ ही बस रात्री आणि शनिवार-रविवारी २२० होते, आणि मार्गातही थोडा फरक पडू शकतो. विद्यापीठाला सुट्टी लागली की फेऱ्या कमी होतात, तेव्हा जुन्या वेळापत्रकाच्या भरवशावर शिकागोची गाडी पकडायला निघू नये. तशी ती गाडीही मालगाड्यांना वाट देत उशिरा येतेच; रूळ मालवाहतूक कंपनीच्या मालकीचे आहेत.

दिवाळी इथे परीक्षांच्या गर्दीत येते, त्यामुळे ती ज्या शनिवारी हॉल मिळेल त्या शनिवारी होते. गणपती तर बहुधा सत्र लागल्या-लागल्या येतो.

मे महिन्याच्या मध्याला पदवीदान, आणि तेव्हा नाशिक-सांगलीहून आई-बाबा येतात. त्यांची सोय आधीच्या उन्हाळ्यात बघायला घ्यावी, कारण त्या शनिवार-रविवारच्या हॉटेलखोल्या वर्षभर आधी जातात. मग डॅनव्हिल नाहीतर डेकेटर, तासाभराच्या अंतरावर. समारंभ मेमोरियल स्टेडियमच्या उघड्या पायऱ्यांवर असतो आणि मेमधलं इथलं ऊन फसवं आहे, तेव्हा आईच्या कांजीवरमवर घालायला जाड स्वेटर हवा आणि बाबांना टोपी. त्यांना पुढे महिनाभर स्वतःकडेच ठेवायचं असेल तर लीजमधलं पाहुण्यांचं कलम आधी वाचावं. बऱ्याच लीजमध्ये पाहुणा किती रात्री राहू शकतो याला मर्यादा असते. तेवढ्यासाठी मालकाचं लेखी उत्तर घेऊन ठेवावं आणि मगच तिकिटं काढावीत.