रेघा कोण ओढणार?

परवा एका जुन्या डेटाबेसचं चित्र, म्हणजे कोणतं टेबल कुणाशी जोडलंय त्याचा नकाशा, काढायला बसलो. टेबलं ८७. एका टूलला (नाव नको, उगाच वाद) डेटाबेस जोडला, तर सगळे चौकोन एकमेकांच्या उरावर. दोन तास माउसने सरकवले, सेव्ह केलं. सकाळी उघडतो तर पुन्हा तोच पसारा! हात जोडले.

हल्ली मी हे चित्र डीबीडायग्राम नावाच्या टूलमध्ये लिहितो. त्याची भाषा डीबीएमएल म्हणजे साधा मजकूर: टेबलाचं नाव, कॉलम, आणि कोणता कॉलम कुणाकडे बोट दाखवतो त्याची एक ओळ. रेघ आपोआप उमटते. फाइल गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) राहते, त्यामुळे कोणी कॉलम बदलला की नेमकी ती ओळ दिसते. मायएसक्यूएल वर्कबेंच हे टूल चित्रावरून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेस बनवायच्या आज्ञा, काढून देतं, ते आवडतं. नुसतं डोकावायचं असेल तर डीबीव्हर हे टूल पुरे.

पीटर चेन यांनी १९७६ साली ईआर मॉडेल (वस्तू आणि त्यांच्यातली नाती मांडायची पद्धत) मांडलं तेव्हा नात्यांसाठी शंकरपाळ्यासारखी आकृती होती. आता बहुतेक ठिकाणी कावळ्याचे पाय, म्हणजे रेघेच्या टोकाला तीन फाटे. मला तेच बरे वाटतात. ‘एकाला अनेक’ लांबूनही कळतं.

पण खरी गंमत पुढेच. ८७ टेबलांत फॉरेन की, म्हणजे डेटाबेसमध्येच नोंदवलेले टेबलांमधले दुवे, फक्त ११! बाकी नाती कोडमधल्या जॉइनमध्ये, म्हणजे टेबलं जोडून माहिती मागणाऱ्या क्वेऱ्यांत, दडलेली. टूल बिचारं काय काढणार? शेवटी क्वेऱ्या वाचत वाचत एकेक रेघ मीच लिहिली. अजून १४ टेबलं उरलीत, कुणाशीच काही देणंघेणं नसलेली. त्यातल्या एकाचं नाव ‘टेम्प_नवीन_२’.