शाळिग्रामाचा गोलपणा

आमच्या देवघरात एक शाळिग्राम आहे. लहानशा लिंबाएवढा, काळाभोर, आणि एका बाजूला करंगळीचे टोक जेमतेम जाईल एवढे भोक असलेला. ताम्हनात ठेवून त्याच्यावर पळीने पाणी घातले की भोकाच्या आतली बारीक, वळत गेलेली नक्षी स्पष्ट दिसू लागते. हा दगड इतका गोल कसा, असे लहानपणी आजीला विचारले होते. ‘गंडकीच्या पाण्यात वाहून वाहून झाला,’ असे तिने सांगितले, आणि भूविज्ञान शिकायला लागेपर्यंत त्या उत्तरात काही शंका घेण्यासारखे आहे असे मला वाटले नव्हते. आपल्याकडच्या नद्यांतले गोटे तसेच गोल होतात, मग गंडकीतले का होणार नाहीत?

परंतु शाळिग्रामाचा गोलपणा मुळात नदीचा नाही. नेपाळमधील मुस्तांग भागातून, धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधल्या खोल दरीतून वाहणारी काली गंडकी हे गोटे वाहून आणते, त्यांना गुळगुळीत करते हे खरेच. पण ते काठावरच्या काळ्या शेल खडकात आधीपासूनच गोल होऊन बसलेले असतात. या खडकाला ‘स्पिती शेल’ म्हणतात. हे नाव हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यावरून आले असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात काम करणाऱ्या फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८६० च्या दशकात तेथील थरांचे वर्णन केले. खडक जुरासिक कालखंडाच्या उत्तरार्धातला व क्रिटेशस कालखंडाच्या प्रारंभीचा, म्हणजे ढोबळमानाने १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या वेळी हिमालय नव्हता. भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि त्याच्या उत्तर किनाऱ्यापुढे टेथिस समुद्र पसरलेला होता. त्या समुद्राच्या तळाशी साचलेला बारीक काळा चिखल म्हणजे आजचा स्पिती शेल.

खडकात असे जे गोल, कठीण गोटे सापडतात त्यांना काँक्रीशन म्हणतात. ते बाहेरून आलेले नसून आजूबाजूच्या चिखलाचाच तो एक भाग असतो. फरक इतकाच की त्या भागातल्या कणांमधल्या पोकळ्या खनिजाने, बहुधा कॅल्साइटने (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटने) किंवा सिडेराइटने (म्हणजे लोहाच्या कार्बोनेटने), भरून निघालेल्या असतात. एखाद्या पोत्यातल्या वाळूत मधोमध थोडे सिमेंटचे पाणी मुरावे आणि तेवढाच गोळा घट्ट व्हावा, तसे काहीसे.

हे सिमेंट येते कुठून, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे, आणि तो समजून घ्यायला कोकणातल्या खाडीइतकी चांगली जागा नाही. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात पाय रुतला की वरचा तपकिरी थर फाटून खालचा काळा चिखल वर येतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटर ते सेंटिमीटर जाडीतला प्राणवायू जिवाणू झपाट्याने संपवून टाकतात. त्याखाली ज्या जिवाणूंना प्राणवायू लागत नाही ते कुजणारे पदार्थ खाण्यासाठी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात. आजच्या समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, तर प्राणवायू अवघा काही मिलिग्रॅम, त्यामुळे सल्फेटवरचा हा कारभार बराच काळ चालू राहतो. त्यातून दोन गोष्टी बाहेर पडतात: एक तो दुर्गंधी वायू आणि दुसरी बायकार्बोनेट. बायकार्बोनेट साचत गेले की पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन कॅल्साइट बाहेर पडू लागते. मात्र हायड्रोजन सल्फाइड सौम्य आम्ल असल्यामुळे ते तसेच राहिले तर कॅल्साइट बसण्याच्या आड येते. चिखलातले लोह ते धरून ठेवते आणि त्यापासून आधी काळे लोह सल्फाइड व पुढे सोन्यासारखे चमकणारे पायराइट बनते, तेव्हा वाट मोकळी होते. काही शाळिग्रामांत दिसणारी सोनेरी चमक ही बहुतेक वेळा या पायराइटचीच असते.

आता याच चिखलात एखादा ॲमोनाइट मरून पडला असे समजा. ॲमोनाइट हे माखली-ऑक्टोपसच्या गोतावळ्यातले, गुंडाळलेल्या शंखात राहणारे समुद्री प्राणी. शाळिग्रामातले ‘चक्र’ म्हणजे त्यांच्या शंखाचा वेढा व त्यावरच्या कंगोऱ्यांचा ठसा. मांसल देह कुजू लागला की तो एकाच ठिकाणी असलेला बायकार्बोनेटचा झरा बनतो. बायकार्बोनेट तेथून चारी बाजूंना, वर आणि खालीही, सारख्याच वेगाने पसरते, आणि कॅल्शियम सर्व दिशांनी आत येते. चिखल सगळीकडे एकसारखा असेल तर दोन्ही जिथे भेटतात ती हद्द मध्यापासून सर्व दिशांना सारख्याच अंतरावर असणार, म्हणजे ती गोलच असणार. चिखलात पातळ पापुद्रे असतील तर पाणी आडवे सहज आणि उभे कष्टाने सरकते. अशा ठिकाणी गोट्याऐवजी भाकरीसारखी चपटी काँक्रीशने तयार होतात. म्हणून खडकात गोट्याचा आकार पाहिला की मला आधी तो चिखल कसा होता याचा अंदाज येतो.

परंपरेत शाळिग्रामाचे भोक वज्रकीट नावाच्या किड्याने पोखरले असे सांगतात. भोक किड्याने पाडलेले नाही, पण त्या दगडाचे मूळ एखाद्या जिवात शोधणारी ही कथा ‘पाण्यात वाहून गोल झाला’ या उत्तरापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे, असे मला आता वाटते.

हे सारे चिखल मऊ असतानाच घडते, याचा पुरावा मी स्पितीत लांग्झा गावाजवळच्या ओढ्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तेथे शेल इतका ठिसूळ आहे की बोटाने उचकटला तरी त्याच्या पातळ कपच्या सुटतात. ओढ्याने कापलेल्या काठावर नारळाएवढा एक गोटा अर्धा बाहेर आलेला होता आणि त्याच्याभोवती शेलचे पापुद्रे, उशीत डोके रुतावे तसे, वरून वर आणि खालून खाली वळलेले होते. समुद्रतळावरच्या ताज्या चिखलात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असू शकते. वर आणखी गाळ साचला की ते पाणी पिळून निघते व चिखल दबतो. पंचाहत्तर टक्के पाणी असलेला १ सेंटिमीटरचा थर दबून दहा टक्के पोकळीवर आला, तर त्याची जाडी साधारण ३ मिलिमीटर उरते. गोटा आधीच घट्ट झालेला असल्यामुळे तो दबत नाही, आणि दबणारे थर त्याला वळसा घालतात. शेजारच्या शेलमधला ॲमोनाइट कागदासारखा चपटा होतो आणि गोट्यातला मात्र फुगीर राहतो, त्याचे कारणही हेच. तिथे पडलेला एक फुटका गोटा मी हातात घेऊन पाहिला, त्याच्या एका अर्ध्यातला ॲमोनाइट आणि दुसऱ्या अर्ध्यातला त्याचा खोलगट साचा जुळवून पाहिला, आणि जिथे होता तिथेच ठेवला. असले दगड उचलून आणू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

असा गोटा तयार व्हायला किती काळ लागतो याविषयी अभ्यासकांची उत्तरे चक्रावून टाकणारी आहेत. न्यूझीलंडमधील ओटागो भागात कोएकोहे किनाऱ्यावर मोएराकीचे प्रसिद्ध गोटे आहेत. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी पंकाश्मात, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकात, वाढलेले, आणि त्यांतले मोठे दोन मीटर व्यासाचे. माओरी कथेप्रमाणे ते आराइतेउरू या फुटलेल्या नौकेतून वाहून आलेल्या टोपल्या, भोपळे आणि रताळी आहेत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यांतल्या मोठ्या गोट्यांच्या वाढीला ४० ते ५५ लाख वर्षे लागली असावीत असा हिशेब मांडला होता. याउलट जपानमधील नागोया विद्यापीठातील हिदेकाझू योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हत्तीच्या सुळ्याच्या आकाराच्या छोट्या शंखांभोवतीच्या काही सेंटिमीटर व्यासाच्या गोट्यांचा अभ्यास करून त्यांना काही आठवडे ते काही महिने पुरले असावेत असे दाखवले. शाळिग्रामासारख्या, मध्यभागी प्राणी असलेल्या लहान गोट्यांना मला दुसरे उत्तर अधिक पटते, कारण मांस लाखो वर्षे कुजत राहू शकत नाही. ते संपले की झराही आटतो. मीटरभर व्यासाच्या गोट्यांचे गणित वेगळे असणार आणि त्यांना आजूबाजूच्या चिखलातूनही पुरवठा लागत असणार.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाची या बाबतीत एक हमखास फसगत होते, आणि माझीही झाली. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातही, म्हणजे बेसॉल्टमध्येही, रस्त्यासाठी डोंगर कापला की, गोल गोटे दिसतात आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. पण तिथला प्रकार नेमका उलटा आहे. लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांतून पाणी शिरते, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी आणि कडा दोन बाजूंनी कुजतात, आणि मधे जो शाबूत राहतो तो गोल उरतो. बेसॉल्टचा गोटा बाहेरून झिजत लहान होत गेलेला असतो. शाळिग्राम आतून बाहेर वाढत मोठा झालेला असतो.

आमच्या शाळिग्रामाच्या भोकाच्या कडेला गेली काही वर्षे एक तांबूस डाग दिसतो. आजी तो कुंकवाचा समजून अंगठ्याने घासत असे. रोजच्या पाण्याने आणि हवेने आतले पायराइट हळूहळू गंजत असावे, असा माझा कयास आहे. त्यामुळे आता स्नान झाले की मी तो दगड मऊ फडक्याने टिपतो, भोकात वातीएवढा कापूस फिरवून आतले पाणी काढतो, आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच तुळशीचे पान वाहतो.