४२ कळांमध्ये ‘ड’ची सोय: कॉर्नवर क्यूएमके

कॉर्न या दोन भागांत विभागलेल्या छोट्या कीबोर्डचे सोल्डरिंग मागील आठवड्यात संपले होते. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्यूएमकेचा (कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचा, म्हणजे फर्मवेअरचा) सगळा पसारा उतरवून घेण्यात एक रात्र गेली आणि त्यानंतर खऱ्या कामाला हात लागला.

कॉर्नच्या दोन्ही भागांवर मिळून ४२ कळा असतात. इंग्रजीला तेवढ्या पुरतात. परंतु मी इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळमांडणीने लिहितो आणि त्यात ‘ड’ असतो ‘पी’च्या उजवीकडील चौकटी कंसाच्या कळेवर, जी या कीबोर्डवर नाहीच. गावकऱ्यांचे अर्ज टंकताना ‘बोंडअळी’ हा शब्द वारंवार येतो, त्यामुळे ‘ड’साठी दर वेळी लेयर (त्याच कळांना दुसरे अर्थ देणारा थर) बदलणे मला मान्य नव्हते. फर्मवेअरला अक्षरे ठाऊक नसतात. ते केवळ कळेचा संकेत पाठवते आणि त्याचा ‘ड’ करणे हे संगणकाचे काम असते. म्हणून ‘पी’शेजारी मूळ मांडणीत जिथे बॅकस्पेस असतो तिथे डाव्या कंसाचा संकेत ठेवला आणि बॅकस्पेस अंगठ्याकडे नेला. शिफ्टसह ‘ढ’ही आपोआप मिळाला. उजव्या कंसावरचा नुक्ता मराठीत क्वचितच लागतो, तो दुसऱ्या लेयरवर सुखाने राहील.

मधल्या ओळीतील कळा दाबून धरल्यावर कंट्रोल, शिफ्ट इत्यादी मिळावेत ही सर्वांची आवडती युक्ती मीही वापरून पाहिली आणि पस्तावलो. इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त ‘डी’वर आहे, त्याच कळेवर मी कंट्रोल ठेवला होता, ‘भक्त’ लिहिताना बोट २०० मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळले की हलन्त आणि ‘त’ यांऐवजी कंट्रोल-एल जाई आणि ब्राउझरमधील कर्सर थेट पत्त्याच्या पट्टीत उडी घेई. जोडाक्षरांच्या भाषेत ‘डी’ मोकळाच ठेवावा, असे माझे मत झाले आहे.

प्रो मायक्रो या कीबोर्डमधील छोट्या नियंत्रक बोर्डाच्या ३२ केबींपैकी ४ केबी बूटलोडरकडे (नवे फर्मवेअर आत घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे) जातात, उरतात २८,६७२ बाइट. दिव्यांचे खेळ आणि माउसच्या कळा वगळल्यावरच फाइल त्यात मावली. दोन्ही भाग वेगवेगळे फ्लॅश केले, म्हणजे त्यांत फर्मवेअर भरले. यूएसबी जोडलेली असताना दोन्ही भागांना जोडणारी टीआरआरएस केबल काढू अथवा लावू नये, कारण जॅकमध्ये सरकताना तिची टोके शॉर्ट होऊ शकतात. उजव्या भागाच्या वेळी नेमकी वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला. जीव खालीवर झाला खरा, पण बूटलोडर सुरक्षित असल्यामुळे वीज आल्यावर रिसेट व ग्राउंड या पिना दोनदा झटपट जोडून, मिळालेल्या आठ सेकंदांत पुन्हा फ्लॅश करता आले.

‘वऱ्हाड’ आता लेयर न बदलता उमटतो; ‘कृषी’ मात्र अडतो, कारण ‘ृ’ अजून दुसऱ्या लेयरवर आहे. त्यासाठी स्वल्पविराम व पूर्णविराम एकत्र दाबण्याचा कॉम्बो करणार आहे. ही दोन चिन्हे लेखनात क्वचितच लागोपाठ येतात, त्यामुळे वेगात टंकतानाही तो सहसा चुकून उमटणार नाही.