भाकरी थापली तरी मॉडेल म्हणतंय पिझ्झा

सध्या व्हिडिओतली कृती ओळखणारी एआय मॉडेलं चालवून बघायचा नाद लागलाय. आईचा भाकरी थापतानाचा व्हिडिओ दिला तर उत्तर आलं, पिझ्झा बनवणं. आईला सांगितलं तर म्हणते कशी, "त्याला म्हणावं ये एकदा सोलापूरला, कडक भाकरी अन् शेंगाचटणी देते, मग कळतंय का बघू." पण त्या बिचाऱ्याचाही इलाज नाही. ते शिकलंय कायनेटिक्स-४०० वर, म्हणजे गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीवाल्यांनी २०१७ मध्ये यूट्यूबवरून गोळा केलेले साधारण १० सेकंदांचे तुकडे, ४०० कृतींचे, त्यात पिझ्झा आहे, सुशी आहे, टोपली विणणं आहे, भाकरी नाही, आणि उत्तर त्या ४०० मधलंच द्यायचं, "माहीत नाही" म्हणायची सोयच नाही.

खरी मजा पुढंय. तोच व्हिडिओ उलटा चालवला, तरी पिझ्झाच! म्हणजे हात फिरतोय कसा याच्याशी देणंघेणं कमीच, पीठ आणि ओटा दिसला की झालं. हे काही नवीन नाही म्हणा. २०१४ मध्ये सिमोनियन आणि झिसरमन या संशोधकांनी दोन न्यूरल नेटवर्क जोडली, एक नुसती फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र बघणारं, दुसरं ऑप्टिकल फ्लो, म्हणजे कुठला पिक्सेल कुठं सरकला ते बघणारं. यूसीएफ-१०१ वर, म्हणजे १०१ कृतींच्या व्हिडिओंच्या परीक्षेत, नुसत्या फ्रेमवाल्यालाच ७३ टक्के पडले, हालचाल न बघता! हालचालवाल्याला ८३.७, दोघं मिळून ८८.

आता हे आठवायचं कारण म्हणजे आपल्या एमआयडीसीत एका यंत्रमाग कारखान्याच्या मालकाला "एआय कॅमेरा" विकायला लोक येऊन गेले, कामगार काम करतोय की रिकामा हे ओळखतो म्हणे. अहो, कारखान्यात प्रत्येक फ्रेममध्ये माग आहेच की, नुसत्या आजूबाजूच्या देखाव्यावरून काय कळणार? धागा तुटला की कामगार वाकतो, दोन टोकं चिमटीत धरतो, बोटांनी वळसा देतो आणि गाठ बसते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. मधलीच एखादी फ्रेम उचलली तर तो गाठ मारतोय, सोडतोय की नुसताच धागा चाचपतोय, मलाही सांगता येणार नाही. त्यात बहुतेक मॉडेलं व्हिडिओतल्या मोजक्याच फ्रेम घेतात, गाठ मधल्यामधे गायब.

मी त्या मालकाला म्हणलं, डेमो द्यायला आले की चालू मागासमोर हाताची घडी घालून तुम्हीच उभे राहा, आणि स्क्रीनवर "काम चालू" येतंय का तेवढं बघा, पैशाचं नंतर बोलू.