बांबूपेक्षा नारिंगी रेघेनेच जास्त छळलं

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डजवळच्या आमच्या घरामागे आधीच्या मालकाने लावलेला यलो ग्रूव्ह बांबू आहे. उणे वीस अंशांची थंडी पचवतो, वर्षभर रस्ता झाकून ठेवतो, म्हणून काढायचा नव्हता. पण कोकणातल्या माणगा बांबूसारखा हा बेट करून एका जागी बसत नाही. याची खोडं जमिनीखालून शेजारी घुसतात. कनेक्टिकटमध्ये २०१३ पासून यावर कायदाच आहे: हद्दीपासून ४० फुटांच्या आत लावायचा तर तो अडवून ठेवायला हवा.

अडवायचं म्हणजे भोवती चर खणून ३० इंची जाड प्लास्टिकचा (एचडीपीई) पट्टा उभा पुरायचा, वर दोन इंच मोकळा ठेवायचा. पट्टा वरून किंचित बाहेर झुकलेला हवा, म्हणजे आडवी येणारी खोडं वर वळतात आणि दिसतात. एवढं सोपं.

अडलं ते खणण्याआधी. इथे ८११ वर फोन करून जमिनीखालच्या लाइन्सच्या खुणा करून घ्याव्याच लागतात. सेवा फुकट आहे. गॅसवाले पिवळी रेघ मारून गेले, विजेवाले लाल. राहिली इंटरनेट-केबलवाल्यांची नारिंगी. ऑनलाइन त्यांच्या नावापुढे ‘खूण केली’ असं झळकत होतं आणि हिरवळीवर नारिंगीचा ठिपकाही नव्हता! फोन केला की पलीकडून प्रश्न, "तुमचं इंटरनेट बंद आहे का?" नाही हो, चालू आहे, चालूच राहावं म्हणून तर फोन करतोय. मग मोडेम बंद करून चालू करायचा सल्ला. पुढच्या वेळी वेगळा माणूस, तीच कथा पहिल्यापासून. इकडे एप्रिल संपत आलेला, मे महिन्यात कोंब वर येणार आणि चर खणताना सगळे तुडवले जाणार. शेवटी केबल कंपनीचा नाद सोडून ८११ वरच पुन्हा तक्रार केली, खूण झालीच नाही म्हणून. तेव्हा माणूस आला. तुम्ही सरळ हेच करा. आणि दिसतील त्या सगळ्या खुणांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. ८११ वरच्या नोंदीची (तिकिटाची) मुदत संपते, गवत कापणारा खुणेचे झेंडे उपटतो.

राग अजून गेलेला नाही, पण केबल नेमकी आमच्या चराच्या वाटेत, जेमतेम वीतभर खोल निघाली. मग चराची रेघ आत वळवली, थोडी जागा सोडली. स्प्रिंकलरचे पाइप मात्र कोणीच दाखवत नाही, ते तुमचे तुम्ही शोधायचे.

दर शरद ऋतूत पट्ट्याच्या काठाने फिरून वरून उडी मारणारी खोडं छाटायची. काठावर पालापाचोळा साचला की ती दिसत नाहीत. बाहेर फुटलेले कोवळे कोंब लाथेनेही मोडतात. आम्ही ते नीट उकळून, उकळलेलं पाणी फेकून देऊन भाजी करतो. आणि हो, चर खणायचं यंत्र भाड्याने घेताना नारिंगी रेघ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.