वाकनचा चिखल आणि चौथ्यांदा आलेली मेडन

उत्तर जर्मनीतल्या वाकन गावात दर उन्हाळ्यात हेवी मेटल संगीताचा महोत्सव भरतो. हॅम्बुर्गहून इट्झेहोपर्यंत रेल्वेने तासाभर, पुढे वाकन गावापर्यंत बस. तंबू पाठीवर घेऊन आम्ही असेच गेलो, आणि 2023 मध्ये शहाणपणा त्यातच होता. गवताच्या कुरणावर लोक मोटारी उभ्या करून शेजारीच तंबू ठोकतात. आठवडेच्या आठवडे पाऊस झालेला, जमीन आधीच पाण्याने फुगलेली. चाकं फिरली की गवताची मुळं तुटतात, खाली नुसता काला उरतो. मग एकेका गाडीला ट्रॅक्टरने ओढायचं, आणि त्या ट्रॅक्टरची चाकं तोच रस्ता आणखी खोल करणार. आधी मोटारी अडवल्या, 2 ऑगस्टला सकाळी प्रवेशच बंद. 85,000 तिकिटं विकलेली, आत साधारण 50,000 माणसं.

गमबूट पोटरीपर्यंत हवेत आणि पायात घट्ट बसणारे. सैल असले तर पाय वर येतो, बूट तिथेच राहतो. रुतलात तर पाय सरळ वर खेचू नका. बूट आडवा हलवा, टाचेकडून हवा आत शिरू द्या, मग टाच आधी उचला. भाताच्या खाचरात चिखलणी केलेल्यांना हे सांगायला नको. मोजे रोज दोन जोड धरा, आणि कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. तंबू उताराच्या तळाशी नको. जागा दिसायला सपाट आणि मोकळी असते, रात्री तिथेच पाणी साचतं.

आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड 4 तारखेला, शुक्रवारी. 2008, 2010, 2016 नंतरची ही चौथी खेप. (2008 चा मेडनचा जगदौरा मुंबईतून सुरू झाला होता, 1 फेब्रुवारीला.) मुख्य रंगमंच दोन, शेजारीशेजारी, एकावर वाजतं तेव्हा दुसऱ्यावर मांडामांड. आवाज नीट हवा असेल तर अगदी पुढे घुसू नका, ध्वनिनियंत्रणाच्या मनोऱ्याच्या आसपास उभे राहा. चिखलात नेहमीच्या दुप्पट वेळ धरूनच तंबू सोडा. यूएफओ या जुन्या रॉक बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' हे गाणं स्पीकरवर लागलं की मेडन येणार, हे जुन्या मंडळींना पाठ असतं. ते लागल्यावर निघालात तर सुरुवात हुकलीच.

मेडनची सगळ्यात गाजलेली गाणी या वेळी नव्हती: 'रन टू द हिल्स' नाही, 'द नंबर ऑफ द बीस्ट'ही नाही. त्याऐवजी 1986 च्या 'समव्हेअर इन टाइम' या अल्बममधली गाणी आणि 2021 च्या 'सेन्जुत्सू'मधली. 'अलेक्झांडर द ग्रेट' तर 37 वर्षं रंगमंचावर वाजलंच नव्हतं, 2023 च्या या दौऱ्यात पहिल्यांदा निघालं. काहीजण कुरकुरले. आमच्या मते पन्नाशीला टेकलेल्या बँडने असंच करावं. हिट गाणी घरीही ऐकता येतात.

ड्रमवर निको मॅकब्रेन, वय 71. जानेवारीत आपल्याला पक्षाघात झाला होता आणि उजवी बाजू खांद्यापासून खाली लुळी पडली होती, हे त्याने आदल्याच दिवशी, 3 ऑगस्टला जाहीर केलं होतं. शेवटचं 'वेस्टेड इयर्स' संपलं तोवर गमबुटांच्या आतही चिखल पोचलेला.