अटलांटिकवरचे 25 तासांचे दिवस

आज रात्री परत घड्याळ एक तास मागे करायचंय. इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेत पाच तासांचा फरक आहे, तो विमानात एकदम अंगावर येतो, जहाजावर मात्र पाच रात्री एकेक तास करून आपल्या हातात देतात. म्हणजे ते दिवस 25 तासांचे. खरं सांगते, या अख्ख्या प्रवासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आई घरी पहाटे पाचला उठते, इथेही रोज पाचलाच उठतेय, आणि जेट लॅग नावाचा प्रकार तिला शिवलेलासुद्धा नाहीये.

मी लंडनजवळ राहते, भाऊ न्यूजर्सीला, आणि आईला माझ्याकडून त्याच्याकडे सोडायचं होतं. तिचे गुडघे विमानात आखडून जातात म्हणून क्वीन मेरी 2 या जहाजाचं तिकीट काढलं. (भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आधी हातात हवा, बंदरावर उतरून काही होत नाही.) निघायच्या आधी ज्याचा फोन येईल त्याचा एकच प्रश्न, सात रात्री नुसतं पाणी, मध्ये एक पोर्ट नाही, मग दिवसभर करणार काय गं तुम्ही? त्यांच्यासाठीच हे लिहून ठेवतेय.

पहिला अख्खा दिवस समुद्रावर आला की हात शिवशिवतात. फोन उघडावासा वाटतो पण तो एअरप्लेन मोडवरच ठेवा, जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल फार मोठं येतं, आणि वायफायचे पैसे वेगळे. रात्री दाराशी दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येतो, त्यात व्याख्यानं, नाचाचा क्लास, कॉयर म्हणजे समूहगान, पत्त्यांतल्या ब्रिजचे डाव, प्लॅनेटेरियममधले शो, साडेतीनचा चहा असं इतकं काही असतं की माणूस पेन घेऊन खुणा करत बसतो. माझं मत विचाराल तर दिवसाला एक, फार तर दोन गोष्टी धरा आणि बाकी सोडून द्या. जहाजाच्या पुढच्या टोकाला लायब्ररी आहे, तिथल्या खिडकीजवळची खुर्ची मिळाली की समोर जहाजाचं नाक आणि त्यापुढे सगळं पाणी, पुस्तक मांडीवर उघडं राहतं आणि तास निघून जातो. असा तास वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही.

आईचा दिवस सातव्या डेकवर जातो. तिथे जहाजाला पूर्ण वळसा घालता येतो, तीन फेऱ्या मारल्या की 1.8 किलोमीटर भरतात. आई त्याला प्रदक्षिणाच म्हणते, सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन, मग लाकडी खुर्चीवर ब्लँकेट घेऊन जप. पश्चिमेकडे जाताना एक मात्र लक्षात ठेवा, वारा बहुतेक समोरून असतो आणि त्यात जहाजाचा स्वतःचा वेग वीस-एकवीस नॉट्स, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, दोन्ही मिळून डेकवर असा झोत लागतो की जूनमध्येसुद्धा कानटोपी आणि विंडचीटर लागतो. साडीवर आई माझं जॅकेट घालून फिरतेय आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

आता हलण्याबद्दल, कारण भीती सगळ्यांना त्याचीच असते. जहाज 345 मीटर लांब आहे आणि हे क्रूझ शिप नाही, लायनर आहे, म्हणजे मुळात हा उत्तर अटलांटिक पार करायलाच बांधलेलं. तरी हलतं. वारा पडलेला असला तरी कुठेतरी लांब झालेल्या वादळाची उसळ शेकडो मैल प्रवास करत येते, लांबलचक, संथ, आणि जहाज पुढून उचललं जातं आणि खाली बसतं. बाजूंना असलेले स्टॅबिलायझर डावीकडे-उजवीकडे डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणारं नाही, त्यामुळे केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावर घेतलेली बरी. गोळी घ्यायची तर पोट ढवळायच्या आधी घ्या. आईने पर्समध्ये आलेपाकाची डबी ठेवली होती, ती आमच्या टेबलावरच्या एका इंग्लिश बाईंना इतकी आवडली की त्या रोज नाश्त्याला येऊन एक वडी मागून घेतात.

दुपारी बारा वाजता कॅप्टन बोलतो. त्या वेळी सगळे थांबतात, चमचे खाली ठेवतात. आपण कुठे आहोत, वारा किती, खाली पाणी किती खोल. एका दुपारी खोली चार हजार मीटरच्या पुढे सांगितली तर आईने विचारलं, म्हणजे सह्याद्रीचं कळसूबाई शिखर? मी म्हटलं अगं कळसूबाई 1646 मीटर, दोन एकावर एक ठेवलीस तरी बुडतील. ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला आलो आणि हवा एकदम बदलली. उत्तरेकडून लॅब्राडॉरचा थंड प्रवाह येतो, दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचा उबदार, आणि दोघं ग्रँड बँक्स या उथळ समुद्राच्या आसपास भेटतात म्हणून उन्हाळ्यात इथे दाट धुकं. सकाळी पडदा उघडला तर बाहेर काही नाही, पाणीसुद्धा दिसेना, आणि दर दोन मिनिटांच्या आत भोंगा, एक लांब आवाज, नियमच आहे तसा. पहिल्यांदा छातीत धडधडलं, मग कान इतके सरावले की दुपारी धुकं उठून भोंगा थांबला तेव्हा चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

टायटॅनिक बुडालं ते याच भागात, 1912 च्या एप्रिलमध्ये, दीड हजाराच्या आसपास माणसं गेली, आणि जहाज अजून जवळपास 3800 मीटर खाली आहे. ग्रीनलँडहून सुटलेले हिमनग त्याच थंड प्रवाहातून खाली येतात, 1914 पासून त्यांच्यावर नजर ठेवायला इंटरनॅशनल आइस पेट्रोल आहे. कॅप्टनने त्या जागेचा उल्लेख केला तेव्हा आई उठून रेलिंगपाशी गेली, हात जोडले, "कुणाकुणाची लेकरं ती" एवढंच म्हणाली. मी पुढे काही बोलले नाही.

आमची केबिन बघतो तो मुलगा मडगावचा. आई मूळची मालवणची, त्यामुळे पहिल्याच दिवशी याने विचारलं, "मावशी, उदक जाय?" आणि हिचं उत्तर, "गरम व्हया रे झिला." तेव्हापासून रोज सकाळी न सांगता थर्मास भरून येतो. तो महिनोन्‌महिने घरापासून लांब असतो, गोव्यातली किती घरं अशी जहाजावरच्या पगारावर उभी आहेत, हे आपण पुस्तक घेऊन खुर्चीत बसतो तेव्हा मनात ठेवायला हवं. आई त्याच्या आईची चौकशी करते, तो दोन मिनिटं जास्त थांबतो. त्याला रोज अख्खा मजला आवरायचा असतो तरी थांबतो.

कुत्र्यांची सोय वरच्या डेकवर आहे, कितीतरी लोक घर हलवताना कुत्र्याला विमानात सामानाच्या कप्प्यात टाकायला नको म्हणून याच जहाजाने जातात. त्यांना पाय वर करायला तिथे एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन फायर हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा रस्त्यावरचा नळ) शेजारी-शेजारी उभे केलेत. आई रोज बघून येते.

जेवणाचं फार लिहीत नाही. शाकाहारी असाल तर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरशी बोलून घ्या, एवढं केलं की प्रश्न मिटतो. गाला नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, पुरुषांना काळा सूट, आपल्याला साडी. आईच्या जांभळ्या पैठणीचा पदर बघायला जिन्यात तीन-चार बायका थांबल्या.

रात्री पुढच्या बाजूला अंधार असतो, ढग नसले तर तिथे नक्की जा. ध्रुवतारा कोकणात क्षितिजावर 16 अंशांवर असतो, इथे तो आकाशाच्या साधारण निम्म्यावर चढलेला, कारण ज्या अक्षांशावर आपण तेवढाच तो उंच. आईने तो शोधायला आधी खाली बघितलं, मग मान वर, अजून वर.

1952 साली एसएस युनायटेड स्टेट्स नावाच्या जहाजाने हा समुद्र साडेतीन दिवसांत पार केला होता. आमचं जहाजही आत्ताच्या वेगाहून जोरात जाऊ शकतं पण मुद्दाम सावकाश जातं, आणि मला ते योग्य वाटतं. लंडन ते न्यूजर्सी हे अंतर केवढं आहे ते मला इतकी वर्षं विमानाने जाऊन कळलं नव्हतं. भावाच्या आणि माझ्या मध्ये एवढं पाणी आहे.

बॅगा आज रात्री दाराबाहेर ठेवायच्यात. पहाटे न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या व्हेराझानो ब्रिजखालून जाताना जहाजाचं धुराडं आणि पूल यांच्यात फार थोडी जागा उरते म्हणतात, ते बघायला आईला सव्वाचारला उठवायचंय. मडगावच्या मुलाने थर्मास आत्ताच भरून दिलाय.